वाचकांचे प्रश्न : एकाच वेळी दोन वाटांवर चालणारे सुसुमू योकोता

गेल्या अंकात जपानी इलेक्ट्रॉनिक संगीतकार आणि डीजे सुसुमू योकोता यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा पुष्कळच पत्रे आली आणि त्यांतली बहुतेक बडोद्यातलीच आहेत. एकमेकांशी जुळणारे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सला आहे आणि चित्रे काढताना योकोता यांचे संगीत लावून ठेवते. एके दिवशी घरात नुसता ठेक्याचा दणका असतो, तर दुसऱ्या दिवशी त्याच नावाखाली पियानोचे चार सूर आणि मागे कुणाचा तरी अस्पष्ट आवाज. हा एकच माणूस आहे का? असल्यास आधी नाचाचे संगीत करून वय वाढल्यावर तो शांत झाला, असे समजायचे का? (एक वाचक, कारेलीबाग)

माणूस एकच आहे. प्रश्नाच्या उत्तरार्धातली समजूत मात्र तारखा लावून पाहिल्या की टिकत नाही, आणि ती पुष्कळांची असल्यामुळे येथे जरा सविस्तर लिहितो.

योकोता यांचा जन्म १९६० सालचा. परदेशात त्यांचे नाव प्रथम झाले ते १९९३ साली, जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या हार्टहाउस या कंपनीने त्यांची ‘द फ्रँकफर्ट-टोकियो कनेक्शन’ ही तबकडी काढली तेव्हा. हार्टहाउस ही त्या काळी टेक्नो आणि ट्रान्स या यंत्रांवर केलेल्या नृत्यसंगीताच्या प्रकारांतली मातब्बर कंपनी होती, त्यामुळे टोकियोतल्या नवख्या माणसाला तिने जवळ करणे ही लहान गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी, १९९४ साली, टोकियोतल्या सब्लाइम रेकॉर्ड्सने त्यांचा ‘अ‍ॅसिड माउंट फुजी’ हा संग्रह प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी बर्लिनमधल्या लव्ह परेड या प्रचंड रस्त्यावरच्या नृत्योत्सवात त्यांनी आपले संगीत वाजवले. येथवरची कथा सरळ आहे : टेक्नोचा कलावंत, जर्मन रसिकांनी उचलून धरलेला.

मात्र त्याच १९९४ साली एबी या टोपणनावाने त्यांनी ‘झेन’ हा संग्रह काढला आणि त्यातले संगीत पुष्कळच तरंगते, लांबलेले, नाचणाऱ्यांपेक्षा बसून ऐकणाऱ्यांना जवळचे आहे. १९९५ साली प्रिझम या आणखी एका नावाने ‘मेट्रोनोम मेलडी’ आला, तो मऊ आणि सुरेल. खरा उलगडा होतो तो १९९८ साली. त्या वर्षी योकोता यांनी स्किनटोन ही स्वतःची छोटी कंपनी सुरू केली आणि तिच्यातून ‘मॅजिक थ्रेड’ हा शांत, जवळजवळ ठेकारहित संग्रह बाहेर पडला. त्याच वर्षी सब्लाइमकडून त्यांचा ‘१९९८’ नावाचाच संग्रह आला आणि तो उघड उघड नाचण्यासाठी केलेल्या हाउस संगीताचा आहे. पुढच्या वर्षी सब्लाइमकडून ‘१९९९’ आणि स्किनटोनकडून ‘साकुरा’, त्याच्या पुढच्या वर्षी सब्लाइमकडून ‘झीरो’, आणि त्याच सुमारास ब्रिटनच्या लीफ या कंपनीमार्फत ‘साकुरा’ युरोपात पोहोचला. तीन वर्षे एक माणूस दिवसा एक आणि रात्री दुसरे लिहीत असावा, असा हा प्रकार आहे. यात म्हातारपणी आलेली शांती कोठेच दिसत नाही.

आणखी एक पुरावा त्यांनी स्वतःच पुढे ठेवला आहे. ‘इमेज १९८३-१९९८’ या संग्रहात त्यांनी १९८३-८४ मध्ये, म्हणजे हार्टहाउसच्या तबकडीच्या दहा वर्षे आधी, ध्वनिमुद्रित केलेले गिटार आणि ऑर्गनचे छोटे छोटे तुकडे आणि १९९७-९८ मधले तुकडे शेजारी शेजारी ठेवले. मधल्या काळातला सगळा टेक्नो बाजूला सारून पाहिले, तर दोन्ही टोकांना तोच हळवा, तुकड्यातुकड्यांनी बोलणारा संगीतकार सापडतो. म्हणजे शांत संगीत त्यांच्याकडे आधीपासूनच होते आणि नाचाचे संगीत त्याच्या सोबतीने चालत राहिले.

बडोदेकरांना हे समजणे अवघड जाऊ नये. आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ याच शहरात दरबारगायक होते. त्यांची नोमतोमची आलापी आणि धमार ऐकणारे त्यांचे ख्यालही ऐकत, आणि त्याच बैठकीत ठुमरी-दादऱ्यावर फिदा होत. अशा गायकाला आपण चौमुखी म्हणतो आणि त्याच्या ठुमरीचा हिशेब वयाशी लावत नाही. योकोता यांच्याबाबतही तो लावू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रश्न : मी तीस-पस्तीस वर्षे तबला शिकवला. नातवाने हेडफोन कानाला लावून दिले. सात मिनिटे एकच तुकडा फिरत होता. यात बढत कोठे आहे? समेवर येणे नाही, तर मग श्रोत्याने वाट कशाची पाहायची? (एक वाचक, रावपुरा)

आपला प्रश्न तक्रारीच्या सुरात असला तरी तो अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे.

या संगीताचा पाया चार सारख्या आघातांचा असतो आणि वेग साधारण मिनिटाला १२० ते १३५ आघात असा राहतो. प्रत्येक आघाताचे चार भाग केले की एका फेरीत १६ घरे होतात. रोलंड या जपानी कंपनीच्या टीआर-९०९ या तालयंत्रावर ही १६ घरे ओळीने मांडलेल्या १६ बटणांच्या रूपात समोर दिसतात, आणि ज्या घरात आघात हवा त्या घराचे बटण दाबून ठेका बांधला जातो. १६ हा आकडा पाहून तीनतालाशी नाते जोडण्याचा मोह आपल्याला होईल, पण तो आवरलेला बरा. येथे खाली-भरी नाही आणि ज्याच्याकडे सगळी रचना ओढली जाते अशी समही नाही. चारही आघात वजनाने सारखेच असतात, कारण ते पावलांसाठी आहेत.

बढत मात्र आहे. ती स्वरांच्या विस्तारात शोधली तर हाती लागत नाही. ‘अ‍ॅसिड माउंट फुजी’च्या शीर्षकातला ‘अ‍ॅसिड’ हा शब्द ज्या आवाजासाठी वापरला जातो, तो आवाज रोलंडच्याच टीबी-३०३ या छोट्या रुपेरी डब्याचा आहे. तदाओ किकुमोतो या अभियंत्याने रचलेला हा डबा १९८१ साली बाजारात आला, आणि त्याचा हेतू अगदी साधा होता : साथीला बेस गिटार वाजवणारा मिळाला नाही, तरी गिटारवादकाला सराव करता यावा. त्या कामासाठी तो कुणालाच पसंत पडला नाही. त्यातून निघणारा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि त्यात सुरावट भरणे हे डोकेदुखीचे काम होते. थोड्याच वर्षांत कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले. अमेरिकेत जुन्या सामानाच्या दुकानांत तो मातीमोल भावाने मिळू लागला, आणि शिकागोतल्या फ्यूचर या तरुणांच्या गटाने सुरावट फिरती ठेवून त्याची बटणे पिळायला सुरुवात केली. १९८७ साली त्यांची तबकडी आली आणि तेथून अ‍ॅसिड हाउस हा प्रकार रूढ झाला.

ही बटणे काय करतात, ते पाहिले म्हणजे बढत कळेल. डब्यातून निघणाऱ्या कर्कश लहरीतले वरचे अंश एक गाळणी अडवून धरते. गाळणी बंद असली की आवाज घुमा, बंद खोलीतल्यासारखा येतो. ती हळूहळू उघडली की तोच स्वर चकाकू लागतो, आणि दुसरे बटण चढवले की गाळणीच्या काठावरचा अंश शिट्टीसारखा किंचाळतो. सुरावट तीच असते, पण तिचा ध्वनी पाच मिनिटांत आमूलाग्र बदलतो. श्रोत्याने वाट पाहायची ती या उघडण्याची. शिवाय या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, जी आपल्या कानाला मींडेच्या जवळची वाटते. मुंबईचे चरणजित सिंग यांनी तीच सोय ओळखून १९८२ साली, शिकागोच्या पाच वर्षे आधी, हाच डबा आणि टीआर-८०८ हे तालयंत्र घेऊन दहा रागांची एक तबकडी केली होती. ती तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही, २०१० साली पुन्हा निघाली आणि मग जगभर तिची चर्चा झाली. नातवाला ती शोधायला सांगा. आपल्या दोघांची गाठ पडण्याची जागा तेथे आहे.

प्रश्न : एबी, प्रिझम, स्टीव्हिया अशी इतकी नावे का? यात फसवणूक नाही का? (एक वाचक, अलकापुरी)

फसवणूक नाही. टेक्नो-हाउसच्या व्यवहारात ही रीत सर्वत्र आहे. तबकड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक कंपनीचे आणि कलावंताचे नाव पाहून ठरावीक प्रकारच्या संगीताची अपेक्षा ठेवते, आणि एकाच वर्षात तीन स्वभावांचे तीन संग्रह काढणाऱ्याला वेगळे नाव घेतले की प्रत्येक वेळी खुलासा करत बसावे लागत नाही. आम्हाला लक्षणीय वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. १९९८ नंतर योकोता यांनी सर्वांत खासगी वाटणारे संगीत, म्हणजे स्किनटोनचे, टोपणनावाआड न ठेवता स्वतःच्या नावाने दिले, आणि सब्लाइमचे नाचाचे संगीतही स्वतःच्याच नावाने दिले. लपायचे असते, तर त्यांनी दोहोंपैकी एक नक्कीच झाकले असते.

प्रश्न : मी गणेशोत्सवात आणि लग्नांत डीजे म्हणून काम करतो. घरचे म्हणतात, दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात कसली कला? योकोता यांच्यासारखे स्वतःचे संगीत करायचे असेल तर सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, प्रतापनगर)

घरच्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. यादी लावून देणे आणि डीजेगिरी यांत अंतर आहे. डीजे दोन तबकड्या शेजारी ठेवतो, दुसरीचा आवाज फक्त आपल्या हेडफोनमध्ये ऐकतो, तिचा वेग पट्टी सरकवून पहिलीशी जुळवतो आणि ठेका न तुटू देता एकीतून दुसरीत जातो. हे हाताचे आणि कानाचे कसब आहे. त्याहून मोठे कसब म्हणजे समोरच्या गर्दीचा कल ओळखणे. एखादा तुकडा चार आवर्तने कमी वाजला तर लोकांची पावले जमत नाहीत आणि चार आवर्तने जास्त झाला तर ती ढिली पडतात, हे ज्ञान संगीतशाळेत मिळत नाही. ते मिरवणुकीत आणि मांडवात मिळते, म्हणजे आपल्याकडे ते आधीच आहे. योकोता स्वतः डीजे होते, आणि त्यांचे हाउस संगीत ऐकताना कोणता सूर कधी काढून घ्यायचा हे या माणसाने नाचत्या लोकांसमोर उभे राहून शिकले आहे, असे वाटत राहते.

सुरुवातीला यंत्रे विकत घेऊ नका. जुन्या टीबी-३०३ ला आता संग्राहकांची किंमत आली आहे, आणि तिचा आवाज देणारी संगणकीय साधने सहज मिळतात. फोनवर किंवा संगणकावर १६ घरांचा कोणताही साधा कार्यक्रम घ्या, चार आघात, एक टाळीचा आवाज आणि तीन स्वरांची खालची सुरावट एवढ्यावर पाच मिनिटे कंटाळा न येऊ देता टिकून दाखवा. नवे काही न आणता, आहे तेच उघडत-मिटत राहणे हा या विद्येतला सर्वांत कठीण धडा आहे. आणि मांडवातला आवाज मोठा असतो. कानांत बोळे घालून काम करा, कारण पुढे याच कानांनी संगीत करायचे आहे.

प्रश्न : या संगीतात ‘जपानी’ असे काय आहे? झेन बौद्ध साधनेचा परिणाम आहे असे वाचले. (एक वाचक, दांडिया बाजार)

जपानी माणसाने शांत संगीत केले की त्याला झेनचा शिक्का मारणे ही सवय जुनी आहे. योकोता यांनी एका संग्रहाला ‘झेन’ नाव दिले, फुजी पर्वत शीर्षकात घेतला, दुसऱ्या संग्रहाला ‘साकुरा’ हे चेरीच्या मोहराचे नाव दिले, त्यामुळे या सवयीला त्यांनी हातभार लावला हेही खरे. पण सुरांकडे पाहिले तर त्यांचा टेक्नो शिकागो, डेट्रॉइट आणि फ्रँकफर्टच्या शिकवणीतला आहे. ‘अ‍ॅसिड माउंट फुजी’मध्ये पर्वत शीर्षकात आहे आणि ३०३ चा आवाज आत आहे. तो डबाच मुळी जपानी, अमेरिकेने नाकारून पुन्हा शोधलेला आणि तेथून परत आलेला, हा फेरा आम्हाला कोणत्याही अध्यात्मापेक्षा अधिक रंजक वाटतो.

याला एक अपवाद करावासा वाटतो. २००२ सालचा ‘द बॉय अँड द ट्री’ हा संग्रह जपानच्या दक्षिणेकडच्या याकुशिमा बेटाच्या प्रेरणेतून झाला. ते बेट पुराणवृक्षांच्या, दाट शेवाळलेल्या जंगलासाठी प्रसिद्ध आहे आणि १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्या संग्रहातले ठेके ओले, अडखळते आणि निरनिराळ्या देशांच्या वाद्यांतून उचललेले आहेत. तेथे जागा खरोखर ऐकू येते. भौगोलिक उत्सुकता मात्र उलट्या दिशेनेही चालते. जपानी इलेक्ट्रॉनिक संगीताचे एक आद्य पुरुष हारुओमी होसोनो यांनी १९७८ साली चित्रकार तादानोरी योको यांच्यासह भारतप्रवासातून स्फुरलेली ‘कोचीन मून’ ही तबकडी केली. ती ऐकून कोची येथील कुणाला आपले गाव ओळखू येईल, असे वाटत नाही.

प्रश्न : ‘सिंबल’ या संग्रहात पाश्चात्त्य अभिजात संगीताचे तयार तुकडे कापून जोडले आहेत. याला रचना म्हणायचे की उचलेगिरी? (एक वाचक, सयाजीगंज)

२००४ सालच्या ‘सिंबल’मध्ये दबुसी, सां-साँस, चायकोव्हस्की अशा संगीतकारांच्या वाद्यवृंदांच्या ध्वनिमुद्रणांतून घेतलेले तुकडे आहेत, आणि ते एकमेकांवर चढवून, फिरवून, नवे आवाज मिसळून संग्रह उभा केला आहे. कायदा आणि कला हे दोन प्रश्न येथे वेगळे ठेवावे लागतात. रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क स्वतंत्र असतो. भारतीय कायद्यात संगीतकाराच्या रचनेवरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे. चायकोव्हस्की १८९३ साली वारले, म्हणून त्यांची रचना कुणीही वाजवू शकतो. पण एखाद्या वाद्यवृंदाने नुकतेच केलेले मुद्रण कुणीही उचलू शकत नाही. आपल्या नवोदितांनी हा फरक पक्का लक्षात ठेवावा.

कलेपुरते बोलायचे तर तुलना उपयोगी पडेल. इसाओ तोमिता यांनी १९७४ साली दबुसीच्या रचना सिंथेसायझरवर पुन्हा वाजवून एक गाजलेली तबकडी केली. तोमिता यांनी रचना पूर्ण ठेवली आणि वाद्य बदलले. योकोता यांनी वाद्यांचा मूळ आवाज ठेवला आणि रचना मोडली. ओळखीची ओळ सुरू होते, पुढे कोठे जाणार हे कानाला ठाऊक असते, आणि ती तेथे जातच नाही. दुसऱ्याच कुणाच्या ओळीला जाऊन चिकटते. याला आम्ही रचनाच म्हणू. तरीही हा संग्रह आम्हाला त्यांच्या उत्तम कामांपैकी वाटत नाही. त्यातली सामग्री आधीच इतकी गोड आहे की काही ठिकाणी साखरेवर मध ओतल्यासारखे होते, आणि ‘साकुरा’तला संयम आठवत राहतो.

प्रश्न : शेवटच्या काळात त्यांनी काय केले? आणि नव्या श्रोत्याने कोणत्या संग्रहापासून सुरुवात करावी? (दोन वाचक, वाडी आणि मांजलपूर)

२००७ सालचा ‘लव्ह ऑर डाय’ तीनच्या ठेक्यात, वॉल्ट्झच्या चालीवर बांधलेला आहे. आयुष्यभर चारच्या आघातांवर लोकांना नाचवणाऱ्याने हे करणे गमतीचे आहे. २००९ साली ‘मदर’ आला, त्यात गायकांचे आवाज पुढे आहेत. २०१२ सालच्या ‘ड्रीमर’नंतर त्यांच्या हयातीत नवा संग्रह आला नाही. २७ मार्च २०१५ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले आणि ती बातमी बाहेर आली ती काही महिन्यांनी, जुलैमध्ये. २०१९ साली ‘क्लाउड हिडन’ हा मरणोत्तर संग्रह निघाला.

सुरुवात ‘साकुरा’पासून करण्याचा सल्ला सगळेच देतात आणि तो चुकीचा नाही. आमचा आग्रह एवढाच आहे की त्याच आठवड्यात त्याच वर्षीचा ‘१९९९’ ऐकावा, म्हणजे पहिल्या प्रश्नातली समजूत मूळ धरणार नाही. त्यानंतर पियानोची आवड असल्यास २००१ चा ‘ग्रिनिंग कॅट’, आणि ठेक्याची असल्यास ‘अ‍ॅसिड माउंट फुजी’. ‘साकुरा’ कमी आवाजात, दुसरे काही काम करतानाही चालेल. ‘१९९९’ मात्र फोनच्या स्पीकरवर ऐकू नये; त्या स्पीकरमधून खालचे सूर बाहेर पडतच नाहीत, आणि या संग्रहातले अर्धे संगीत तेथेच आहे.